टू-स्ट्रोक डर्ट बाईक बुडबुडते, अडखळते, स्लोवर (रेस न देता) बसत नाही: जेटला हात लावायच्या आधी हे बघा

आधी लक्षणं नीट ओळखा, कारण अर्धं काम तिथंच होतं. इंदूरात हा त्रास वर्षातून दोनदा हमखास येतो, दिवाळीनंतर गारठा पडला की एकदा आणि होळी आटोपली की दुसऱ्यांदा. गाडी बहुतेक यामाहाची आरएक्स १००, आरएक्स १३५ नाहीतर सुझुकीची शोगन असते, मडगार्ड कापलेले, नॉबी टायर चढवलेले, आणि मालक सांगतो की परवापर्यंत मस्त चालत होती, मी काहीच केलं नाही. खरंच केलेलं नसतं. पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सांगण्यावरून कार्बोरेटरचे, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे, तीन जेट विकत घेतो आणि तिथून गाडी बिघडायला सुरुवात होते.

रिच म्हणजे पेट्रोल जास्त, लीन म्हणजे हवा जास्त, एवढं धरून चला.

गाडी रिच असेल तर रेस दिल्यावर गडगडगड करत अडकल्यासारखी वर चढते, मोकळा टणक आवाज येत नाही, एकाआड एक फायरिंग होतंय असं वाटतं. सायलेन्सरच्या तोंडातून काळं चिकट तेल गळतं, प्लग ओला काळा निघतो, धूर जास्त. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे गाडी थंड असताना बरी पळते आणि गरम झाली की मठ्ठ होते.

लीन असेल तर उलटं. झटकन रेस दिली की क्षणभर जीव गेल्यासारखी होते आणि मग एकदम उचलते. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहतं. अर्धा चोक ओढला की बरी चालते. चढावर लोडमध्ये टिणटिण असा खडे हलवल्यासारखा आवाज येतो, प्लग पांढरा फटक. हा आवाज आला तर त्याच क्षणी रेस सोडा, घरी जाऊन बघू असं करू नका, कारण रिच गाडी फक्त प्लग खराब करते पण लीन गाडी पिस्टन खाते.

तिसरा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त फसवतो: कधी बरी, कधी वाईट, वळणावर वेगळी, सरळ रस्त्यावर वेगळी. हा जेटचा दोष नसतो. जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं पितळेचं एक ठरलेल्या मापाचं भोक, ते सकाळी लहान आणि संध्याकाळी मोठं होत नाही. दोष येतो-जातो असेल तर पेट्रोल, फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी धरणारा तरंगता भाग), वायर किंवा कुठेतरी हवा घुसतेय, हे लिहून घ्या.

आता फुकटातल्या गोष्टी.

पहिलं पेट्रोल. टाकीत मिसळलेलं पेट्रोल किती जुनं आहे? आता पंपावर सगळीकडे ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करा आणि आतलं पेट्रोल काचेच्या छोट्या ग्लासात घ्या, उजेडात धरून हलवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा मण्यासारखा थेंब इकडून तिकडे घरंगळला तर ते पाणी आहे. टाकी रिकामी करा, ताजं भरा, अर्धे लोक इथूनच घरी जातात. ग्लास परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

ऑइलचं प्रमाणही बघा. ज्यांनी ऑटोल्यूब पंप (ऑइल आपोआप सोडणारा) काढून प्रीमिक्स, म्हणजे पेट्रोलमध्ये हातानेच ऑइल मिसळणं, सुरू केलंय त्यांच्यात एक समज पक्का बसलाय की ऑइल जास्त टाकलं की गाडी रिच होते. उलट आहे भाऊ. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की पेट्रोलचा वाटा तेवढा कमी झाला, म्हणजे गाडी थोडी लीनच झाली. ४०:१ ला एका लिटरमध्ये २५ मिली ऑइल, ३२:१ ला साधारण ३१ मिली, हे मेजरिंग कपाने मोजा, बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका. आणि एक प्रमाण धरलं की तेच ठेवा, ते रोज बदलत असेल तर जेटिंग कधीच पक्कं होणार नाही.

मग चोक पूर्ण बंद होतोय का, त्याची केबल किंवा प्लंजर अर्धवट अडकलाय का. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक उघडं आहे का. हे भोक काळ्या मातीच्या धुळीने गच्च बसतं. आपल्याकडची धूळ कोरडी असताना पिठासारखी आणि ओली झाली की सिमेंटसारखी. भोक बंद असेल तर गाडी दहा-पंधरा मिनिटं झकास पळते आणि मग फुल रेसला मरते, झाकण उघडून लावलं की परत जिवंत. हे लक्षण दिसलं तर जेट बिट विसरा.

पुढचं, एअर फिल्टर. खर्च जवळजवळ शून्य, आणि रिच गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच सापडतो. चोरल किंवा सिमरोलच्या बाजूला एक दिवस गाडी फिरवली तरी फोम भरून जातो. हवा कमी मिळाली की मिश्रण आपोआप रिच, आणि मग मालक जेट लहान करतो, आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी फिल्टर धुतो आणि गाडी एकदम लीन होऊन सीझ होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून फिल्टर आधी. घासलेटात पिळू नका, हलक्या हाताने दाबा, मग साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत पूर्ण वाळवा आणि फिल्टर ऑइल लावून जास्तीचं दाबून काढा. कोरडा फोम लावला तर धूळ सरळ बोअरमध्ये (सिलिंडरच्या आत) जाते. फिल्टर बसवताना कडेला ग्रीसची बारीक रेघ ओढा, पुढच्या वेळी उघडाल तेव्हा त्या ग्रीसच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, बोट काळं झालं तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय. फिल्टर काढूनच टाकला की पिकअप वाढतो असं म्हणणारे प्रत्येक चौकात भेटतात, त्यांचं ऐकू नका.

प्लग. नवीन टाका, मॅन्युअलात लिहिलेल्या हीट रेंजचाच (प्लग किती गरम राहतो त्याचा नंबर). एनजीके कंपनीच्या प्लगवर नंबर वाढतो तसा प्लग थंड होतो हे लक्षात ठेवा, कारण दुकानदार हातात येईल तो देतो. जुना काळवंडलेला प्लग घासून त्याच्यावर जेटिंग वाचायला जाऊ नका, तो कालची कहाणी सांगतो. प्लगची टोपी आणि वायरही हलवून बघा, फुल रेसला इग्निशन तुटत असेल तर आवाज अगदी रिच गाडीसारखाच येतो आणि मग माणूस मेन जेट कमी करत बसतो.

पेट्रोलचा फ्लो. पाईप कार्बोरेटरकडून काढा, बाटलीत धरा, कॉक उघडा. धार अखंड पडली पाहिजे, सुरुवातीला जोरात आणि मग थेंब थेंब असं होत असेल तर कॉकची जाळी किंवा तेच झाकणाचं भोक. काळे कण आले तर पाईप आतून सुटतोय. जुन्या रबराला ई-२० मानवत नाही, फुगतं, मऊ पडतं. सियागंज बाजारातून चांगला पेट्रोल पाईप घ्या, काही फार पैसे लागत नाहीत. हे करताना बिडी-सिगारेटवाल्याला लांब उभा करा आणि इंजिन थंड असू द्या.

सायलेन्सर जुना असेल तर आतली नळी काढून बघा, कार्बन आणि ऑइलने बसलेली असेल तर गाडी वर श्वासच घेत नाही. आणि उलट, कुणी एक्सपान्शन चेंबर (फुगीर पोटाचा रेसिंग सायलेन्सर) लावला असेल तर जुनं जेटिंग संपलं, तिथे लीन धरूनच सुरुवात करायची.

आता येतं ते ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली. हवा चोरणं.

कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी मॅनिफोल्ड (जोडनळी), रीड ब्लॉकचं (त्यामागच्या पातळ पात्यांच्या झडपेचं) गॅस्केट, हेडचं गॅस्केट, सिलिंडरच्या तळाचं गॅस्केट, आणि ज्या गाड्यांना वायईआयएसची (यामाहाची इनटेकला जोडलेली प्लास्टिकची) बाटली आहे तिचा रबरी पाईप. यातून कुठूनही हवा घुसली की ती कार्बोरेटरच्या हिशोबात नसते, जेट कितीही मोठं टाका, स्लोवर गाडी वर-खाली होणारच, रेस लटकणारच. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ विकली गेली, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता तिशीच्या आसपास, आणि रबर काही तीस वर्षं टिकायला बनत नाही. मॅनिफोल्ड काढा आणि दोन्ही हातांनी पिळा, बसवलेला असताना गुळगुळीत दिसणारा रबर वाकवला की आत केसासारखी चीर उघडते, आणि ती चीर बरोबर क्लॅम्पच्या खाली लपलेली असते. बाहेरून सिलिकॉन फासून ठेवलेले मॅनिफोल्ड मी खूप पाहिले, पेट्रोल त्या सिलिकॉनला सोडवतं आणि त्याचा तुकडा आत जातो. नवा टाका.

तपासायला गाडी गरम करून स्लोवर ठेवा आणि साबणाचं पाणी स्प्रे बाटलीतून एकेका जोडावर मारा. जिथे मारल्यावर इंजिनचा सूर बदलतो तिथे गळती. काही जण कार्ब क्लीनर मारतात, ते जास्त स्पष्ट कळतं पण गरम सायलेन्सरवर पडलं तर भडका उडतो, म्हणून मी पाणीच सांगतो.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच कार्बोरेटर उघडा. उघडायच्या आधी एअर स्क्रू (स्लोची हवा कमी-जास्त करणारा) हलकेच पूर्ण आत नेऊन किती फेरे होता ते मोजून लिहा, निडलची (रेससोबत वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप कुठल्या खाचेत आहे त्याचा फोटो काढा, जेटवरचे नंबर लिहा. मिकुनी आणि केहिनच्या नंबरांचा एकमेकांशी मेळ नाही, मिकुनीचं ११० आणि केहिनचं ११० वेगळं, त्यामुळे मित्राचा नंबर विचारताना कार्बोरेटर कुठला ते आधी विचारा. जेट साफ करायला कार्ब क्लीनर आणि हवेचं प्रेशर, तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, एकदा तार घातली की भोक किंचित मोठं आणि लंबगोल, आणि वर नंबर मात्र जुनाच. सेकंडहँड गाडीतलं जेट भिंगाखाली धरा, भोकाच्या कडेला ओरखडे दिसले तर त्या नंबरावर विश्वास ठेवू नका. निडलही बघा: मधल्या भागात चकचकीत झिजलेला पट्टा दिसला तर निडल आणि तिचं जेट दोन्ही झिजलंय आणि अर्ध्या रेसला गाडी कायम रिच राहणार, क्लिप कितीही हलवा. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे ठेवा, ओव्हरफ्लोच्या पाईपमधून पेट्रोल टपकत असेल तर फ्लोटची सुई बदला. वाटीतली पातळी चुकीची असेल तर सगळीच सर्किट एकदम बिघडतात आणि मग कशाला काय म्हणावं कळत नाही.

आता जेटिंग, आणि हे अगदी सावकाश करायचं.

रेसच्या मुठीजवळ पांढरी पट्टी चिकटवा, मुठीवर एक रेघ आणि तिच्या शेजारी शून्य, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा मार्करने करा. ही पट्टी लावल्याशिवाय जेटिंग करूच नका, कारण माणसाला अर्धी रेस वाटते ती बहुतेक पाव असते आणि मग तो मेन जेट बदलतो जिथे पायलटचा दोष असतो. शून्य ते पाव पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊण निडल, पाऊणच्या वर मेन जेट. मध्ये पाव-अर्ध्याच्या आसपास स्लाइडच्या (रेसने वर-खाली होणाऱ्या पडद्याच्या) कापाचा हात असतो पण त्याला सहसा हात लावायची वेळ येत नाही.

गाडी नीट गरम करा. एअर स्क्रू दीड फेरा बाहेर ठेवून सुरू करा आणि पाव-पाव फेरा हलवत जिथे इंजिन सगळ्यात वर आणि स्थिर चालतं ती जागा शोधा. एअर स्क्रू बाहेर म्हणजे हवा जास्त म्हणजे लीन, हे उलटं पाठ केलेले लोक खूप आहेत. ती जागा एका फेऱ्याच्या आत आली तर पायलट लहान पडतंय, एक नंबर मोठं टाका. अडीच फेऱ्यांच्या पलीकडे गेली तर पायलट मोठं आहे. मधे सापडली तर सोडा, हात लावू नका.

मग मोकळ्या जागेत, रस्त्यावर नाही, तिसऱ्या गिअरमध्ये पट्टी बघून अर्ध्या रेसवर धरा. गडगडली तर क्लिप एक खाच वर, म्हणजे निडल खाली गेली, लीन झाली. दम तोडला किंवा टिणटिण आली तर क्लिप एक खाच खाली. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या की काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

मेन जेट शेवटी, आणि नेहमी मोठ्या बाजूने. वर थोडी गडगडेल इतकं मोठं टाका, मग एकेक स्टेप कमी करत जा, जिथे आवाज स्वच्छ होतो तिथून एक स्टेप परत मोठं. फुल रेसमध्ये थोडा वेळ पळवून किल स्विच दाबायचा, त्याच क्षणी क्लच ओढायचा, आणि नवा प्लग काढून बघायचा. पण आता प्लगच्या रंगावर पूर्वीइतकं विसंबू नका, इथेनॉलवाल्या पेट्रोलला रंग फिका येतो, कॉफीचा रंग शोधत बसलात तर गाडी उगीच रिच कराल. पोर्सेलीनच्या अगदी तळाशी, धातूला लागून, काळसर रिंग दिसते का ते बघा. रिंग आहे म्हणजे पेट्रोल पुरतंय.

दोन आकडे सांगतो म्हणजे मोसम बदलला की गाडी का बदलते ते कळेल. मे महिन्यात इंदूरची दुपार ४२ अंशांची, जानेवारीची पहाट १० अंशांची, एवढ्या फरकाने हवा साधारण ११ टक्के दाट होते. कार्बोरेटर त्यातलं निम्मं स्वतः सांभाळतं, उरलेलं साधारण ५ टक्के तुमच्या जेटवर येतं, म्हणजे मेन जेटची एक-दोन स्टेप. मेमध्ये अगदी टोकाला नेऊन बसवलेलं जेट जानेवारीच्या सकाळी सात वाजता लीन असतंच. म्हणून थंडीचं जेट मोठं, उन्हाळ्याचं लहान, आणि शंका असेल तर मोठंच. उंचीचंही तसंच, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, मुंबईच्या मित्राचं जेट इथे थोडं रिच लागेल. जानापावच्या डोंगरावर चढताना अजून थोडी रिच वाटेल, तेवढ्यासाठी काही बदलू नका, उतरायचंच आहे.

आणि ई-२०. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या काळातलं कंपनीचं जेटिंग आज तसंच ठेवलं तर गाडी ७-८ टक्के लीन चालते. वीस टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं गेलं, म्हणजे हा बदल झपाट्याने झाला आणि आपल्या गाड्यांच्या मॅन्युअलात त्याचा पत्ताच नाही. जुन्या आरएक्सवाल्यांनी हिवाळ्याआधी मेन आणि पायलट दोन्ही एकदा तपासाच.

आता कुठे थांबायचं ते.

हाताने किक दाबली आणि ती सहज खाली गेली, कॉम्प्रेशन जाणवलंच नाही, तर थांबा, रिंग आणि बोअरचं काम आहे. गिअर ऑइल कमी होतंय आणि पांढरा दाट धूर येतोय तर क्लचकडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टवरचं रबरी सील) गेलंय. एअर स्क्रू कुठेही ठेवा, रेस लटकतेच, आणि बाहेरचे सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासून झालेत, तर दुसऱ्या बाजूचं, मॅग्नेटोकडचं (वीज बनवणाऱ्या भागाकडचं) सील गेलंय. जेट मोठं करूनही टिणटिण जात नाही, तर टायमिंग किंवा हेडचं काही आहे. गाडी एकदा जरी सीझ झाली असेल, परत फिरली तरी, सिलिंडर उघडून बघितल्याशिवाय पुढे चालवू नका, पिस्टनवर ॲल्युमिनियम चिकटून ओढलं गेलेलं असतं आणि दुसऱ्यांदा ते चाक जाम करतं, तेही स्पीडला.

आणि गाडी आपोआप वर वर रेस घेत सुटली, किल स्विचला ऐकत नाही असं झालं तर कॉक बंद करा, वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडा म्हणजे इंजिन बंद पडेल. त्यानंतर ती किक मारायची नाही, टेम्पोत टाकून न्यायची.

मिस्त्रीकडे गेलात तर जेटिंग करून द्या असं म्हणू नका, प्रेशर टेस्ट करून द्या म्हणा. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत साधारण ६ पीएसआय हवा भरतात, मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे, आणि साबणाचा फेस लावला की कुठून ते दिसतं. पंपाने जास्त प्रेशर मारू देऊ नका, चांगली सीलही बाहेर येतात. ज्याच्याकडे हा सेट नाही आणि जो कान लावून क्रँक सील सांगतो, त्याच्याकडे इंजिन खोलू नका. सोबत तुमचा कागद न्या: एअर स्क्रूचे फेरे, क्लिपची खाच, दोन्ही जेटचे नंबर, ऑइलचं प्रमाण, आणि कुठल्या रेसला काय होतं ते पट्टीवरच्या खुणेसकट. चांगला मिस्त्री तो कागद आधी वाचतो आणि मग पाना उचलतो.